इराची खिरापत

सीताफळं आली. परवा सकाळी दुकान उघडायला निघाले, तर चौकात दौलताबादकडच्या दोन बायका टोपल्या मांडून बसलेल्या. खाली पाला, वर हिरवी-काळपट फळं, आणि एक उकललेलं पांढरंशुभ्र फळ गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून मुद्दाम वर ठेवलेलं. तो वास नाकात गेला आणि माझं डोकं फिरलं. लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं, माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. काही कारण नसताना मी त्यातल्या एकीवर खेकसले, "एवढी कच्ची कशाला तोडता गं?"

"कच्ची नाय ताई," ती शांतपणे म्हणाली. "डोळे बघा की कसे पडलेत. दोन दिस तांदळात ठिवा, मग सांगा."

डोळे म्हणजे सीताफळावरचे ते फुगवटे. ते सुटे झाले, मधल्या रेघा पिवळसर पडल्या, की फळ तोडायचं. हे मला ठाऊक आहे. इथंच जन्मले, इथंच वाढले. तिच्याशी मला भांडायचंच नव्हतं. डझनभर फळं घेतली, ती म्हणाली तो भाव दिला आणि गप दुकानात गेले.

माझं भांडण आहे माझ्या धाकट्या भावाशी, मनोजशी. तो, त्याची बायको ऋतुजा आणि त्यांची मुलगी इरा हे तिघं जगभर फिरतात. सुट्टीत फिरतात तसं नव्हे. इरा चार वर्षांची होती तेव्हा यांनी पुण्यातला फ्लॅट विकला, दोघांनी नोकऱ्या सोडल्या आणि निघाले ते निघालेच. आज या देशात, पुढच्या महिन्यात त्या देशात. कुठं गेलो, काय खाल्लं, इरा काय म्हणाली, याचे व्हिडिओ करून मोबाइलवर टाकायचे. लोक बघतात, त्यावरच यांचं चालतं. आता हे नवीन राहिलेलं नाही, कितीतरी जोडपी करतात म्हणे. करोत बापडी. माझी भाची त्यात नसती तर मीही चहा पीत पीत बघितले असते.

गारखेड्यात आमचं औषधाचं दुकान आहे. आमचे हे बिलं आणि माल बघतात, मी काउंटरला असते. माझ्या माहेरची खबर मला याच काउंटरवर कळते. गिऱ्हाइकांकडून! मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या शाहीनभाभी त्यांच्या सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या न्यायला आल्या आणि म्हणाल्या, "दीदी, इराकू बुखार है ना? कैसी है अब?"

"कोणाला ताप आहे?"

"इराकू. तुमकू नै मालूम?" त्या वरमल्याच. "परसोंच डाले ना विडिओ. मैं तो समझी तुमकू फोन आया होगा."

मला फोन आला नव्हता. मी दुकानात उभ्या उभ्या व्हिडिओ लावला. परदेशातली कुठली तरी खोली, निळ्या चादरीवर पोर पडलेली, डोळे लाल, ओठ सुकलेले. आणि ऋतुजाचा मऊ आवाज, आमच्या छोट्या प्रवाशाला आज बरं नाहीये, तुमच्या शुभेच्छा पाठवा. अगं, शुभेच्छा काय पाठवा! पोरीच्या कपाळावर ओली पट्टी ठेव आधी. मी तो व्हिडिओ थांबवून, चित्र मोठं करून, उशाशी पडलेल्या गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचायचा प्रयत्न करत होते. सख्खी आत्या, आणि भाचीला काय औषध चालू आहे हे दोन बोटांनी पडदा ताणून वाचतेय! खाली अनोळखी माणसांनी लाल बदाम टाकलेले. मीही एक टाकावा अशी अपेक्षा असावी.

मनोजला फोन करून झापलं, तर म्हणतो, "अगं ताई, व्हिडिओ टाकला होता की. तू बघत नाहीस का?"

तर सीताफळं. तीन वर्षांपूर्वी, इरा नऊ वर्षांची असताना, हे तिघं आमच्याकडं आठ दिवसांसाठी आले होते. अजिंठ्याचं चित्रण झालं. परत आल्यावर इरा मला म्हणाली, "आत्या, फर्दापूरला मी तीनदा बसमधून उतरले." मला वाटलं तीन फेऱ्या झाल्या. तसं नव्हतं. पहिल्यांदा उतरली तेव्हा तोंडावर ऊन होतं, दुसऱ्यांदा मागून कोणीतरी मध्ये आलं, म्हणून तिला पुन्हा पुन्हा बसमध्ये चढवून उतरवलं. एसटीचा कंडक्टर वैतागला असणार, माणूसच तो. इरा मात्र नुसतं सांगत होती. तिला त्यात नवल वाटत नव्हतं, आणि मला नेमकं त्याचंच वाईट वाटलं.

नंतर दौलताबादचा किल्ला. आमचे बंधुराज हातात कॅमेरा धरून, बायको-मुलीकडं तोंड करून, उलटे चालत होते. किल्ल्यात! जिथं सरळ चालणाऱ्याला जपून पाय टाकावा लागतो तिथं हा उलटा! व्हायचं तेच झालं. घोटा मोडला, प्लास्टर बसलं, आणि जग फिरणारी मंडळी सीताफळाचा अख्खा हंगाम गारखेड्यात आमच्या दोन खोल्या-स्वैपाकघरात अडकली.

त्याचा पाय मोडल्याचं मला वाईट वाटलं का? वाटलं. पण इरासाठी मनातून आनंदच झाला, उगीच खोटं कशाला बोलू.

मी कपाटातला एक खण रिकामा करून तिला दिला. तिनं कपडे नीट घड्या घालून ठेवले आणि विचारलं, "हा खण कधीपर्यंत माझा?" मी म्हटलं, "तू आहेस तोपर्यंत." तिनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी बघते तर कपडे परत बॅगेत. म्हणाली, बॅगेत असले की हरवत नाहीत. हळूहळू, चारपाच दिवसांनी, एकेक फ्रॉक खणात आला.

सीताफळ तांदळाच्या डब्यात पिकत घालतात हे तिला माहीत नव्हतं. रोज सकाळी उठली की दात घासायच्या आधी डब्यात हात घालायची. बोटांना तांदळाचं पीठ, त्याच हातानं केस मागं सारायचे. "आज मऊ झालंय थोडं." "आज नाही." तिसऱ्या दिवशी फळ हातात घेतलं तर अंगठा आत गेला, आणि पोरीनं अशी किंकाळी फोडली की आमचे हे दाढी अर्धी टाकून पळत आले. तिनं कितीतरी देशांतली फळं खाल्ली होती, मला नावंही येत नाहीत असली. पण एकाच घरात थांबून फळ पिकेपर्यंत वाट बघायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. बिया तोंडात घोळवून, गर काढून घेऊन, ताटलीत टणटण टाकायच्या. आम्ही दोघी ओट्यावर बसून तेच करायचो. कोपरापर्यंत चिकट हात, आणि घरभर तो गोड वास.

त्याच दिवसांत आमच्या गल्लीत भुलाबाई बसते. सोनवणेकाकू जळगावकडच्या, त्यांनी ते तिकडून आणलं. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मातीच्या भुलाबाई-भुलोजीपुढं पोरी रोज संध्याकाळी टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात, रोज वेगळ्या घरी. गाणी संपली की खिरापत. ज्या घरची पाळी, त्या घरच्या पोरीनं झाकलेला डबा आणायचा आणि कानाशी धरून हलवायचा. नुसत्या आवाजावरून बाकीच्यांनी ओळखायचं, आत काय आहे. खडखड वाजलं तर शेंगदाणे, सरसर वाजलं तर चिवडा, धपधप झालं तर लाडू. ओळखता येईना तर पोरी नाक घासतात, पण डबा उघडायचा नाही. हरलो म्हणाल्या की मगच उघडायचा. म्हणून खिरापत काय करायची हे आईला आणि पोरीलाच ठाऊक. सख्ख्या बहिणीलासुद्धा सांगत नाहीत.

इरा त्यात अशी शिरली की बास. पहिल्या दिवशी दारात उभी राहून बघत होती. शाहीनभाभींची सना तिच्याच वयाची, तिनं हात धरून आत ओढलं. तिसऱ्या दिवशी हिच्या हातात टिपऱ्या, आणि आठ दिवसांत ती आमच्याकडच्या पोरींसारखी "लई भारी" म्हणायला लागली. संध्याकाळी गल्लीतून हाक यायची, "इराऽऽ, चल की!" ती हाक ऐकून ती जे पळायची, ते मी विसरणार नाही. कोणीतरी तिला नावानं हाक मारत होतं आणि समोर कॅमेरा नव्हता.

आमच्या घरची पाळी आली. इरानं चार दिवस डोकं खाजवलं. रोज दुकानात काउंटरच्या आत स्टुलावर बसून मला कानात विचारायची, "कशाचा आवाज येतच नाही?" मी म्हणायचे, "शिऱ्याचा." "नको, सना लगेच ओळखेल." शेवटी तिचं तिनंच काढलं. सीताफळाचं श्रीखंड! घट्ट, डबा कितीही हलवा, हूं की चूं नाही. आणि समजा कोणी श्रीखंड म्हणालं, तरी सीताफळाचं कोण म्हणणार? असली हुशार पोर. मी चक्क्यासाठी दही बांधून टांगलं. दुपारी दुकान बंद करून आम्ही दोघी स्वैपाकघराचं दार लोटून बसलो. एकेक बी अशी सोडवायची की चिरडली जाऊ नये, चिरडली तर कडू होतं. पोरगी जीभ बाहेर काढून, नाकाच्या शेंड्यावर घाम, तास-दीड तास बिया काढत होती.

ऋतुजा कॅमेरा घेऊन आत आली.

"आई, आज नको," इरा म्हणाली. "हे सीक्रेट आहे."

"फक्त हात घेते गं. चेहरा नाही."

"टाकू नकोस."

"नाही टाकत बाई. नंतर कधीतरी."

मी तिथंच होते, माझ्या कानांनी ऐकलं. आणि चार वाजता टाकला. का, तर मनोजचा पाय प्लास्टरमध्ये, बरेच दिवस काही नवीन टाकलं नव्हतं, लोक विचारत होते. नंतर मला म्हणाली, "ताई, आमचे बघणारे कुठं कुठं पसरलेत. हे तुमच्या गल्लीत कोण बघतंय, असं वाटलं." अगं बाई! तुझा मुक्काम ज्या गल्लीत आहे ती अख्खी गल्ली तुलाच बघत बसलेली असते की. सोनवणेकाकूंपासून पेपरवाल्यापर्यंत सगळे. जगाची फिकीर करणाऱ्या माणसाला शेजार दिसत नाही, तो हा असा.

संध्याकाळी गाणी झाली. इरा आतून डबा घेऊन आली. फ्रॉक बदललेला, कपाळाला टिकली. डबा दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. ती कानाशी न्यायच्या आतच पोरी एका सुरात ओरडल्या, "सीताफळाचं श्रीखंडऽऽ!" आणि टाळ्या पिटत हसायला लागल्या. त्यांची काय चूक? पोरीच त्या. सर्वांत धाकटी म्हणाली, "आमी मोबाइलमदी बगितलं!" सनाला मात्र काहीतरी कळलं असावं, ती हसली नाही.

इरानं काही केलं नाही. आईकडं बघितलं, मग डबा कानाशी नेला आणि तरीही हलवला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. जसा हलवायचा असतो तसा. डब्यातून आवाज आला नाही. मग तिच्या तोंडाचं काय झालं ते मला सांगता येत नाही. ती भिंतीकडं वळली.

आणि ऋतुजाचा कॅमेरा चालू होता! मी उठले आणि त्या काचेवर हात ठेवला. डबा भरतानाचा श्रीखंडाचाच हात, धुतलासुद्धा नव्हता. गल्लीतल्या बायकांसमोर मी माझ्या भावजयीला म्हणाले, "बंद कर. नाहीतर हा डबा तुझ्या कॅमेऱ्यावर उलटा करीन." आमच्या घरात आजवर कोणी असं बोललेलं नाही. बोलले त्याचं मला आजही काही वाटत नाही.

मनोज आतल्या खोलीतून लंगडत आला. त्याचं सगळं म्हणणं मला पाठ आहे. "ताई, तिनं किती जग पाहिलंय. समुद्रात पोहते, चार भाषांत बोलते. तुझ्या गल्लीतल्या पोरींना हे मिळणार आहे का?" नाही मिळणार. मी कुठं म्हणते मिळेल? इराला चार भाषा येतात. पण त्या चारही भाषांत मिळून तिला एक मैत्रीण नव्हती. ती इथं मिळाली, तर तिच्यासमोर तिची फजिती केली तुम्ही. लहानशी गोष्ट, श्रीखंडाची. हो, लहानशीच. नऊ वर्षांच्या पोरीची गोष्ट केवढी असणार? पण तिच्या मालकीची तेवढीच होती.

दोन दिवसांनी इरा दुकानात माझ्या मागं उभी राहून म्हणाली, "आत्या, मी इथल्या शाळेत गेले तर तुला त्रास होईल का?"

त्रास! आम्हाला मूलबाळ नाही. आमच्या यांनी बिलातून मान वर केली आणि माझ्याकडं बघत राहिले. मी त्याच संध्याकाळी मनोजशी बोलले. चिडून नाही, हात जोडून बोलले. म्हटलं, एक वर्ष ठेवून बघा, तुम्ही फिरा, येत-जात राहा. ऋतुजा पटकन म्हणाली, "पण ताई, इरा नसली तर आम्हाला कोण बघणार?" बोलून गेली आणि ओठ चावला. खरं बोलली बिचारी, एवढं मात्र तिचं मानलं पाहिजे.

मग म्हणाले, इरालाच विचारू, तिच्यावर लादायचं नाही. मला बरं वाटलं. आणि विचारलं कसं? कॅमेरा लावून! आमच्याच गच्चीवर, मावळतीच्या उजेडात, तिला मधे बसवून. "इरा, तुला आत्याकडं राहायचंय की आईबाबांबरोबर यायचंय?" त्या गोल काचेसमोर, सगळ्या जगासमोर, पोर काय म्हणणार? तिनं काचेकडं बघितलं, सवयीनं हसली, आणि म्हणाली, "तुमच्याबरोबर." मी खाली जिन्यात उभी होते. तो व्हिडिओ लोकांना फार आवडला म्हणे. लोक रडले म्हणे बघून. रडा!

कोजागरी झाली, प्लास्टर निघालं, मंडळी गेली. खण रिकामा झाला. मी त्यात अजून काही ठेवलेलं नाही.

हे लिहायच्या आधी मी इराला विचारलं. नावं सगळ्यांची बदलली आहेत, ते तिनंच सुचवलं. आता ती बारा वर्षांची आहे, मधूनमधून मला फोन करते. बहुतेक वेळा सगळं ठीक आहे, जेवलीस का, एवढंच असतं. मागच्या आठवड्यात मी सांगितलं, सीताफळं येतील आता. तर ती म्हणाली, "आत्या, एक सांगू? कुणाला सांगायचं नाही." आणि तिनं मला एक गोष्ट सांगितली. घाबरण्यासारखी नाही, आधी मीही घाबरले होते. त्या वयाच्या कुठल्याही पोरीची असते तशी. मी ऐकून घेतली. म्हणाली, "बाकीचं लिही, हे नको." मी म्हटलं, नाही लिहिणार.

काल मनोजचा फोन आला. व्हिडिओ नाही, साधा फोन. इकडचं तिकडचं बोलला, आमच्या यांच्या गुडघ्याचं विचारलं. त्याचं काहीतरी अडलंय हे मला कळत होतं. लहानपणी काच फोडली की असाच आधी भलतंच बोलायचा.

"ताई," शेवटी म्हणाला, "इरा तुझ्याशी बोलते का गं? म्हणजे, काही सांगते का?"

घ्या! पोरीला ताप आला, पोरगी हसली, पोरगी रडली, हे अख्ख्या दुनियेला सांगणारा माणूस मला विचारतोय, तिचं काय चाललंय! इतकी वर्षं साठलेलं सगळं माझ्या जिभेवर आलं. म्हटलं, "मला कशाला विचारतोस? तिलाच विचार. फक्त तो कॅमेरा बंद करून, दुसऱ्या खोलीत ठेवून ये, आणि मग विचार."

तो हळू आवाजात म्हणाला, "बंदच असतो ताई आता. तिच्यासमोर काढतच नाही आम्ही. तरी बोलत नाही ती."

मला वाईट वाटलं. लई वाईट वाटलं, पाठचा भाऊ आहे माझा. पण सांगितलं नाही मी. नाहीच सांगणार.